खरबुजाला शिवलेला कोट

उन्हाळा तापला की आमची गल्ली मलूल होते. दुकानांची दारं अर्धी लागतात, कुत्री गाड्यांखाली शिरतात, माणसं दोन-तीन शब्दांत बोलणं आटपतात. एकटे मास्तर तेवढे ताजेतवाने. दुपारी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले की पलीकडून आवाज येतो, "आज काय ऊन पडलंय हो!" लांबचा पाहुणा आल्याची बातमी सांगावी तसा. डोक्याला ओला रुमाल, कपाळावरून घाम, आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. खाली दुकान, मध्ये घर, वर गच्ची असं त्यांचं अरुंद, उभट घर आमच्या घराला लागून आहे. दोन गच्च्यांच्या मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. पुरुषांचे शर्ट-पॅन्ट शिवतात, पण जीव कोटात. त्यांनी शिवलेला कोट घालून कुणी रस्त्यानं निघालं की मशीन थांबवून त्याची पाठ बघत राहतात. खांद्याशी एक चुणी दिसली तर त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

"कपडा असा बसला पाहिजे," ते म्हणतात, "की माणसाला वाटावं, आपण हा घालूनच जन्मलो."

"मग त्यानं पोटभर जेवायचं कधी?" काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, काजं करता करता मान वर न उचलता विचारतात.

बागेतही मास्तर शिंपीच. टोमॅटोची रोपं कापडाच्या पट्ट्यांनी बांधायची, तीही एका रंगाच्या. सकाळी गळ्यात टेप टाकून वर जायचं, दोडक्याचा घेर, मिरचीची उंची मोजायची आणि जिन्यातून खाली ओरडायचं, "अगं, वाढला!" खालून काकू विचारणार, "मग? मागचे कपडे आखूड झाले का त्याला?"

या उन्हाळ्यात मात्र ती टेप एकाच वेलाभोवती घुटमळत होती. खरबुजाच्या.

तो वेल साधासुधा नव्हता. मास्तरांच्या मोठ्या बहिणीच्या, ताईंच्या, अंगणात पिढ्यान्‌पिढ्या एक खरबूज व्हायचं. हिरवी साल, तिच्यावर पिवळे पट्टे, आत पांढुरका गर, आणि वास असा की एका घरात कापलं तर चार घरं जागी व्हावीत. ताईंना ते बी त्यांच्या सासूबाईंनी दिलेलं. बाजारात तसं फळ कधी कुणी पाहिलं नाही. गेल्या वर्षी ताई ते घर सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. सामान हलवण्याच्या धांदलीत बियांची बरणी ओली झाली, बी कुजलं. चिमूटभर वाचलं ते त्यांनी काड्यापेटीत घालून भावाकडे पाठवलं. मास्तरांनी सगळं पेरलं. उगवला एकच कोंब.

ताई लहानपणापासून मास्तरांना दोऱ्या म्हणतात, कारण ते दोऱ्यासारखे बारीक होते. अजूनही आहेत. ताईंचा फोन आला की मास्तर खुर्चीतून उठून उभे राहतात, समोर कुणी नसलं तरी.

"ऐक दोऱ्या," ताईंनी बजावलं होतं, "माझ्याकडे आता दाखवायलासुद्धा एक बी नाही. हा वेल गेला की ते खरबूज जगातून गेलं. कळलं?"

"कळलं, ताई."

"काय कळलं?"

"मी मेलो तरी वेल जगला पाहिजे."

"तू कशाला मरतोस? मग पाणी कोण घालणार?"

वेल वाढला छान. मांडवाच्या काठ्यांवर सरसर चढला, आणि नेमकी तेव्हाच उष्णतेची लाट आली. गच्चीची फरशी पायाला चटका देऊ लागली. नळाला दुपारी आपोआप गरम पाणी. टोमॅटोची पानं कडेनं करपून गुंडाळली, आणि मास्तरांना पहिल्यांदाच उन्हाची भीती वाटली.

भीती वाटली की माणूस आपल्याला जे येतं ते करतो. मास्तरांनी कोट शिवला.

खोटं नाही सांगत. त्यांच्याकडे जाड पांढऱ्या सुती कापडाचा ताका होता. त्यांनी मांडवाची मापं घेतली: उंची, रुंदी, तिरकस बाजू, वेल जिथे वळतो तो कोपरा. गच्चीच्या फरशीवर खडूनं आखणी केली. दोन दिवस गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगितलं. शेवटी जे चढवलं ते पाहायला आम्ही सगळे भिंतीशी जमलो. वर कॉलर, कोपऱ्यांना चुण्या घालून आणलेला गोल आकार, समोर बटणपट्टी आणि खालपर्यंत बटणं. कुठे सुरकुती म्हणून नाही.

"आता उन्हाचा एक किरण शिरून दाखवू दे!" मास्तर म्हणाले.

"मास्तर, खिसा राहिला," आमचे हे गमतीनं म्हणाले.

मास्तरांनी विचार केला. दुसऱ्या दिवशी कोटाला खिसा होता. त्यात झाडं छाटायची छोटी कात्री बरोबर मावत होती.

रोज पहाटे बटणं काढायची, पाणी घालायचं, पुन्हा बटणं लावायची आणि दुकानात जायचं, असा क्रम सुरू झाला. वेलाला पिवळी फुलं आली, मास्तरांनी गल्लीभर सांगितलं. फुलं गळली. पुन्हा आली, पुन्हा गळली. पानं फिकट, लांबुडकी, आजाऱ्यासारखी दिसायला लागली. मास्तरांना वाटलं, पाणी कमी पडतंय; पाणी वाढवलं. मग वाटलं, ऊन अजून कुठून तरी झिरपतंय. म्हणून कोटाला आतून अस्तर लावलं.

ताईंचा फोन आला. मास्तर उभे.

"फुलं येतात ना?"

"येतात."

"टिकतात?"

मास्तर गळ्यातली टेप गुंडाळायला लागले.

"दोऱ्या, तुझी दातखीळ बसली की फोन बंद पडला?"

"गळतायत, ताई."

पलीकडे ताईंनी न रागावता फोन ठेवून दिला. त्या रागावत नाहीत तेव्हा फार वाईट असतं, असं काकू मला नंतर म्हणाल्या.

त्याच आठवड्यातली भर दुपार. मी चादरी काढत होते. पलीकडे काकू वाळत घातलेली कापडं घ्यायला आल्या आणि वेलापाशी थबकल्या.

"अगं, इकडे ये. ही बघ."

एक मधमाशी बटणपट्टीवरून वरपासून खालपर्यंत चालत होती. प्रत्येक काजापाशी थांबायची, डोकं घालून बघायची, पुढे जायची. दाराच्या सगळ्या कड्या वाजवून बघणाऱ्या पाहुण्यासारखी. शेवटी कंटाळली आणि उडून गेली.

काकूंनी दोन बटणं काढून आत हात घातला आणि झटक्यात बाहेर घेतला. मग मी घातला. ओल्या कोटावर तापलेली इस्त्री टेकवल्यावर जी वाफ येते ना, तशी वाफ होती आत.

काकूंनी जिन्यातून हाक मारली, "अहो, वर या! आत्ताच्या आत्ता!"

मास्तर धावत आले. तोंडात दोन टाचण्या तशाच.

"त्या काढा आणि यात डोकं घाला."

"का?"

"घाला तर."

मास्तरांनी डोकं घातलं. काकूंनी मागून कापड ओढून त्यांच्या मानेभोवती बटण लावलं. "आता राहा तसेच. फिटिंग कसं आहे सांगा."

"छान आहे," आतून आवाज आला. मग थोड्या वेळानं, "अगं, सोड." मग, "अगं, सोड गं बाई, जीव घुसमटतोय!"

बाहेर आले तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा लाल, चष्म्यावर वाफ धरलेली. काकूंनी त्यांना मधमाशीचं सांगितलं. मास्तर चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसला.

"अस्तर मीच लावलं," ते हळूच म्हणाले. "स्वतःच्या हातानं."

"उन्हात उभं राहणाऱ्याला कुणी कोट शिवतं का? सैल झबलं शिवा त्याला. वारा खेळू दे, माशा येऊ-जाऊ देत."

मास्तरांनी तिथेच मांडी घातली आणि ब्लेडनं शिवण उसवायला घेतली. आपलीच शिवण, एकेक टाका. माझ्याच्यानं बघवेना, पण त्यांचे हात भराभर चालत होते, कारण आत वेल होता. संध्याकाळपर्यंत नवं छत झालं: वर एकपदरी कापड, मावळतीच्या बाजूला एक पडदा, बाकी सगळं मोकळं, कडा फडफडणाऱ्या.

"काय ढगळ दिसतंय," मास्तर तोंड वाकडं करून म्हणाले. "कुणी विचारलं तर मी शिवलंय म्हणून सांगू नका."

वेलाला मात्र ते ढगळ झबलं मानवलं. मास्तर पाणीही बेतानं घालायला लागले. पानं पुन्हा खरखरीत, काळसर हिरवी झाली, आणि एका सकाळी भिंतीपलीकडून आरोळी आली, "आली! आली! सगळे या!"

मी पिठाच्या हातांनी धावले. एका फुलाच्या मागे मटाराएवढी लवयुक्त गाठ होती. मादी फूल! पण सकाळपासूनच झळा सुटल्या होत्या आणि माशांचा पत्ता नव्हता. दुपारपर्यंत ते फूल मिटलं की गेलं. आता ऋतूही उतरणीला लागलेला. पुढचं फूल येईल की नाही कुणी सांगावं? काकूंनी ताईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कुंडीला टेकवून ठेवला.

"दोऱ्या, मला तुझ्या नाकपुड्या नको दाखवूस. फूल दाखव!"

"हे बघ, ताई."

"हां. आता ज्याच्या मागे गाठ नाही, तसं एक फूल तोड. तो नर. त्याच्या पाकळ्या काढ. मधला पिवळा दांडा दिसतो ना? तो या बाईच्या मधोमध हळूच टेकव. घासायचं नाही, टेकवायचं."

मास्तरांनी नर फूल तोडलं. जन्मभर बारीकात बारीक सुईत दोरा ओवणाऱ्या त्या हातांतून पाकळ्या काढतानाच निम्मं फूल खाली पडलं. दुसरं तोडलं.

"अरे, एवढं काय घाबरायचं? सुई-दोऱ्याचंच काम आहे!" ताई ओरडल्या.

"सुई मोडली तर दुसरी मिळते, ताई!"

"आधी श्वास घ्या," काकू म्हणाल्या, "निळे पडलात."

त्यांनी श्वास घेतला. टेकवलं. फिरवून पुन्हा टेकवलं. आम्ही तिघी, दोघी गच्चीवर आणि एक फोनमध्ये, पापणी न लववता बघत होतो.

"झालं?" ताई.

"झालं."

"मग आता ऊठ तिथून. टक लावून बसलं म्हणून फळ धरत नाही."

मास्तर अर्थातच उठले नाहीत.

फूल सुकलं, पण गाठ राहिली. गाठीची सुपारी झाली, सुपारीचं लिंबू, लिंबाची मूठ. दुकानात शर्टाचं माप द्यायला आलेल्या माणसाला आधी खरबुजाचं माप ऐकावं लागे. "काल संध्याकाळपासून अर्ध्या इंचानं वाढलंय साहेब! हात वर करा." फळ जड होऊन वेल ओढायला लागलं तेव्हा मास्तरांनी त्याला झोळी शिवायला घेतली, आणि कापडाला कात्री लावण्याआधी काकूंना विचारलं, "कसली करू?" असं त्यांनी आधी कधी विचारलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. काकूंनी त्यांचाच एक जुना बनियन काढून दिला. "ताणतोही, आणि वाराही जातो. तुमच्या पोटाला पुरला, यालाही पुरेल."

बनियनात बसलेलं ते खरबूज बघून ताई फोनवर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आणि मग तो वारा आला. दुपार होती. दुकानात आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर नव्या कोटाची ट्रायल देत होते. एक बाही लावलेली, दुसरीकडे नुसत्या टाचण्या. बघता बघता उजेड तपकिरी झाला, धुळीचा लोट गल्लीत शिरला आणि सगळ्या खिडक्या एकदम आपटल्या. वरून काकूंची हाक आली, "अहो, मांडव!"

मास्तर सुटले. त्यांच्यामागे डॉक्टरही सुटले. का, हे त्यांना अजून सांगता येत नाही. मी भिंत ओलांडून पोचले तेव्हा पडदा आभाळात फडफडत होता, वरचं कापड पतंगासारखं उचललं जात होतं आणि मांडव एका बाजूला कलत होता. बंद कोट असता तर वारा भरून अख्खा मांडवच रस्त्यावर गेला असता. आता वारा आरपार जात होता, पण काठ्या हलत होत्या.

"डॉक्टर, ती काठी धरा! ओढा! दाढ उपटता तशी ओढा!"

"अहो, दाढ उपटताना पेशंट खुर्चीत बसलेला असतो!" डॉक्टर ओरडले, पण ओढत राहिले. त्यांची एकुलती एक बाही टराटरा फाटली. मी दुसरी काठी धरली. मास्तर मांडवाच्या दोऱ्या आवळत होते. डोळ्यांत धूळ, तोंडात धूळ. बनियन झोपाळ्यासारखा झोके घेत होता. काकू वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी खरबूज पोटाशी धरलं.

कट्‌ असा आवाज झाला. मोठा नव्हता, पण आम्हा चौघांनाही ऐकू आला.

वारा जसा आला तसा गेला. मांडव उभा होता. वेल मात्र बुडापाशी तुटून खाली लोंबत होता. काकूंच्या हातात खरबूज, त्याला वेलापासून तुटून आलेला वीतभर देठ.

"पिकलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

नव्हतं. साल अजून गर्द हिरवी होती. पट्टे पिवळे झाले नव्हते. मास्तरांनी नाक लावलं आणि नुसती मान हलवली. कच्च्या फळात बी कच्चं. फोन लावायला त्यांचा हात धजेना, काकूंनी लावला.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "देठ आहे का त्याला?"

"आहे."

"कापू नका. धुऊ नका. सावलीत, मऊ कापडावर ठेवा. जेवढं त्याच्यात आहे तेवढं ते बियांना देईल. मी येते."

गुडघ्यांमुळे ताई वर्षभरात फ्लॅटबाहेर पडल्या नव्हत्या.

मग खरबूज दुकानातल्या कापायच्या टेबलावर, कोटाच्या मऊ कापडावर विराजमान झालं. शेजारी कात्री ठेवायला बंदी. येणारा-जाणारा वास घेऊन जाई. डॉक्टर नवी बाही लावून घ्यायला आले तेव्हा कोटाआधी खरबूज हुंगलं. "अजून काही नाही," म्हणाले, पेशंटचं तोंड तपासल्यासारखं गंभीर होऊन. मास्तर शिवता शिवता उठून बघत, बसत, पुन्हा उठत. एका सकाळी त्यांनी शटर उघडलं आणि मशीनपाशी न जाता थेट आमच्या दारात आले.

"पट्टा," ते धापा टाकत म्हणाले. "एक पट्टा पिवळा झालाय! आणि वास... या ना, या लवकर!"

वास होता. पुसट, पण होता.

ताई टॅक्सीनं आल्या. मुलाचा हात धरून, पायरीवर पाय ठेवताना प्रत्येक पायरीला शिव्या घालत दुकानात शिरल्या. भावाकडे बघितलंही नाही. खरबूज उचललं, बुडाशी अंगठा दाबला, कानाशी नेलं, नाकाशी नेलं.

"सुरी आण."

त्यांनीच कापलं. आत पांढुरका गर. सगळ्यांना एकेक फोड मिळाली. डॉक्टरांनी खाल्ली, मी खाल्ली.

"काकडीनं साखरेकडे लांबून बघितल्यासारखं लागतंय," काकू म्हणाल्या.

कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. ताईंनी बोटांनी बिया पातेल्यात काढल्या, वरून पाणी ओतलं. "भरलेलं बी बुडतं, पोकळ तरंगतं," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे पातेल्यावर वाकलो.

सगळं तरंगत होतं.

मास्तरांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"गर सुटू दे की रे त्यांचा," ताई म्हणाल्या. त्यांनी बोट पाण्यात घातलं आणि हळूहळू फिरवायला लागल्या. चोळलं, फिरवलं, पुन्हा चोळलं. गराचे धागे सुटून वर आले. एक बी कडेला गेलं, तिरकं झालं, आणि गिरक्या घेत तळाला जाऊन बसलं. मग दुसरं. मग तीन-चार एकदम. वर पोकळ टरफलं राहिली तेवढी राहिली. तळ भरत चालला.

"बुडाली!" मास्तर किंचाळले. "ताई, बुडाली! सगळी बुडाली!"

रस्त्यावरून जाणारे दोघे पळत दुकानात शिरले. "कोण बुडालं? कुठे?" त्यांना पातेलं दाखवलं. तेही वाकून बघायला लागले.

ताईंनी डोळे पुसले आणि लगेच कामाला लागल्या. "आता नीट ऐका. यापुढे सगळं बी एका घरात ठेवायचं नाही. एकदा पोळलेय मी. वाळलं की वाटून घ्यायचं. दोऱ्याला थोडं, माझ्याकडे थोडं, डॉक्टर, तुमच्याकडे थोडं."

"मला?" डॉक्टर दचकले. "मी कधी कोथिंबीरसुद्धा लावलेली नाही."

"काठी धरता येते ना? मग झालं." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुझ्या गच्चीवर ऊन कुठून येतं गं?"

मी तोंड उघडायच्या आत त्या खुर्चीतून उठल्या होत्या. "सांगू नकोस, दाखव. दोऱ्या, खुर्ची घे बरोबर, मधल्या जिन्यात बसावं लागेल मला." मास्तर खुर्ची डोक्यावर घेऊन आमच्या जिन्याकडे निघालेसुद्धा. मागे ताई, त्यांच्यामागे मुलगा, काकू, डॉक्टर. खाली टॅक्सीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

"थांब म्हणावं त्याला," ताई पहिल्या पायरीवरून ओरडल्या, "अजून डॉक्टरांची बाल्कनी बघायची आहे!"